आईच्या खाटेशेजारचा पाळणा

(आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त २६ जून रोजी रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली २६ जून हा दिवस अमली पदार्थांचे सेवन व अवैध व्यापार यांच्या विरोधात पाळण्याचे ठरवले. या दिवशी आपल्या सभागृहात सहसा मानसोपचारतज्ज्ञांचे व्याख्यान असते. यंदा विश्वस्त मंडळाने ते काम माझ्याकडे सोपवले. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वह्यांच्या वाटेने मी या क्षेत्रात आलो. रोगाचे निदान मला करता येत नाही. परंतु रुग्ण दाखल होताना काय विचारतो आणि उपचार अर्धवट टाकून जाताना काय सांगतो, हे प्रशासनाच्या मेजावर बसणाऱ्याला रोज ऐकायला मिळते. त्या ऐकण्याच्या आधारावरच मी आज बोलणार आहे.

व्यसनमुक्तीसाठी येणारा पुरुष रुग्ण, किंवा त्याच्या वतीने त्याची पत्नी, साधारणतः दोन गोष्टी विचारते: दिवस किती लागतील आणि खर्च किती येईल. रुग्ण जेव्हा आई असते, तेव्हा या दोन प्रश्नांच्या आधी तिसराच प्रश्न येतो. "माझ्या मुलांना कोण पाहील?" या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ती पुढचे दोन प्रश्न विचारतच नाही; प्रवेशपत्र मेजावर तसेच ठेवून उठून जाते. व्यसनी आईच्या उपचाराची सुरुवात औषधाने होत नाही, तिच्या मुलांच्या व्यवस्थेने होते. आज मला एवढेच सांगायचे आहे. पुढे जे बोलेन ते या एका विधानाचे स्पष्टीकरण समजावे.

'व्यसनी स्त्री' म्हटले की चित्रपटातील धुराने भरलेली खोली आपल्या डोळ्यांसमोर येते. आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या भगिनी तशा नसतात. कोणाचे बाळंतपणानंतर कंबरदुखीसाठी दिलेल्या गोळ्यांनी सुरू झालेले असते. कोणाला नवऱ्याच्या मृत्यूनंतर झोप यावी म्हणून दिलेल्या गोळ्या पंधरा दिवसांसाठी होत्या. त्या पाच वर्षे चालू राहिल्या. कोणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत अडकलेली असते. कोणाच्या नवऱ्याने घरात गर्द आणली आणि एके दिवशी तिच्याही हाती दिली. दारूचे प्रमाण आहेच. आणि मिश्रीला तर आपल्याकडे व्यसन म्हणण्याचीही पद्धत नाही. यांतील बरीच औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून पट्टी मिळते, हे आपण सर्व जाणतो.

अशा स्त्रिया किती? केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकरवी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ या वयोगटात मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के होते. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे सुमारे एकीलाच काही उपचार मिळाला होता, असेही त्यात नमूद आहे. स्त्रियांचा आकडा लहान आहे, ही समाधानाची बाब खरी. पण हिशेबाची सवय असलेल्या माणसाला त्यातले एक चक्र दिसते. संख्या लहान म्हणून स्त्रियांसाठी खाटा थोड्या. खाटा थोड्या आणि मुलांची सोय नाही म्हणून स्त्रिया येत नाहीत. आणि त्या येत नाहीत म्हणून आमच्या नोंदवहीत संख्या लहानच राहते. हे चक्र रुग्णाला तोडता येत नाही. ते संस्थेनेच तोडावे लागते.

आपल्या राज्यातील व्यसनमुक्तीचे कार्य मोठे आहे. गर्दच्या विळख्याविषयी अनिल अवचट यांनी लिहिलेल्या लेखांनी महाराष्ट्र अस्वस्थ झाला. त्यातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. रुग्णाच्या पत्नीलाही आधार हवा, हे ओळखून तेथे 'सहचरी' गट चालू झाला, आणि पुढे स्त्री-रुग्णांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही निघाला. या कार्याचे ऋण आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेवर आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुरुष दाखल होतो तेव्हा घरी चूल पेटती ठेवणारी, मुलांना शाळेत पाठवणारी, रविवारी डबा घेऊन भेटीला येणारी एक स्त्री बहुधा असते. तीच स्त्री रुग्ण झाली, तर त्या जागेवर कोण बसणार? आमच्या प्रवेशपत्रावर 'सोबतचे नातेवाईक' असा रकाना आहे. अशा प्रसंगी तो रकाना पुष्कळदा रिकामा राहतो, किंवा त्यात वयोवृद्ध आईचे नाव येते.

एक उदाहरण सांगतो. संबंधित भगिनींची अनुमती घेतलेली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या भगिनींचे यजमान मालमोटार चालवतात. महिन्यातले बहुतेक दिवस घराबाहेर. घरात ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाचे धाकटे. तिसऱ्या बाळंतपणानंतर पाठदुखीसाठी वेदनाशामक गोळी सुरू झाली. आधी दिवसाला एक, मग तीन, मग अख्खी पट्टी. गोळी चुकली की नाक वाहू लागे, हातपाय पिळवटत आणि पोटात कळा येत. हे व्यसनाचे लक्षण आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आपल्याला बारीक ताप आहे आणि गोळीने तो उतरतो, असेच त्या समजत.

घरात ही गोष्ट पूर्णपणे ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती ११ वर्षांची होती. पट्टी ज्वारीच्या डब्यात कोणत्या बाजूला असते हे तिला माहीत होते. गोळ्या किती उरल्या हे ती शाळेत जाण्याआधी मोजत असे. आईचे हातपाय दुखू लागले की चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात तीच जाई. भाकरी थापणे, धाकट्याला दूध पाजणे, भावाच्या शाळेच्या वहीत पालकांची सही करणे, सर्व काही ती करी. शेजारीपाजारी म्हणत, "पोरगी किती समजूतदार आहे." घरावर येणारे संकट पुष्कळदा अशा समजूतदार मुलांच्या आड झाकले जाते.

पहिल्या वेळी या भगिनी दाखल झाल्या तेव्हा मुले शेजाऱ्यांकडे ठेवली होती. चौथ्या दिवशी धाकट्याला ताप आल्याचा निरोप आला. गोळी बंद झाल्याचा त्रास तेव्हा नुकता ओसरू लागला होता. डॉक्टरांनी समजावले, परिचारिकांनी समजावले. त्या थांबल्या नाहीत. कोणती आई थांबली असती? नोंदवहीत 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडले' असा शिक्का पडला. त्या शिक्क्याखाली कारण लिहिण्यास जागा नसते. ती असती, तर तेथे 'मुलाला ताप' एवढेच लिहावे लागले असते.

अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत अर्धवट उपचार केवळ निष्फळ ठरत नाही, तो धोकादायकही ठरतो. काही दिवस औषध बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते. घरी जाऊन पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून आई चौथ्या दिवशी घरी जाऊ नये, यासाठी तिच्या मुलाच्या तापाची व्यवस्था करणे हा धर्मादायाचा नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी आमच्या वैद्यकीय समाजसेविकेने क्रम उलटा ठेवला. आधी मुलांची व्यवस्था ठरली, मग आईच्या प्रवेशाची तारीख. मोठी दोघे मावशीकडे राहिली. मुख्याध्यापिकांना भेटून, आई आजारी असून रुग्णालयात आहे, एवढेच सांगण्यात आले. त्याहून अधिक सांगण्याची गरज नव्हती. धाकटे आईबरोबर राहिले आणि त्याला सांभाळण्यास आजी आली. स्त्री-कक्षात खाटेशेजारी पाळणा लागला. त्या पाच आठवडे राहिल्या.

पाळणा लावणे ही आमची मेहेरबानी नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये असे म्हटले आहे की, उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या ३ वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे तिच्यापासून दूर करू नये. मुलाला इजा होण्याचा धोका आहे, किंवा मुलाच्या हिताचे आहे, असे मानसोपचारतज्ज्ञांचे मत झाले तरच तात्पुरते वेगळे ठेवता येते. तेव्हाही देखरेखीखाली भेट चालू ठेवावी लागते, दर १५ दिवसांनी निर्णयाचा फेरविचार करावा लागतो आणि सलग ३० दिवसांच्या पुढे संबंधित प्राधिकरणाची मान्यता लागते. "तिथे गेलीस तर लेकरू काढून घेतील" अशी भीती घालणाऱ्या नातेवाइकांना ही तरतूद आवर्जून सांगावी.

दुसरी भीती पोलिसांची. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण न केल्यास ते काढून घेता येते. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. त्या दारापर्यंत आईला आणून सोडणे मात्र माणसांचेच काम आहे.

कायदा ३ वर्षांवर थांबतो. चौथे वर्ष लागले म्हणजे मुलाला आई नको होते, असे नाही. ज्या मुलांना कक्षात ठेवता येत नाही, त्यांची आबाळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती अधिक खोल जाते. या उदाहरणातील मुलीला समुपदेशिकेने बोलते केले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "चिठ्ठी घेऊन मीच जायची. माझ्यामुळे आई आजारी पडली का?" ते ओझे ती कोणालाही न सांगता वाहत होती. आई बरी होऊन घरी आल्यावरही ती कित्येक दिवस डबे उघडून पाहत असे; तापाच्या साध्या गोळ्यासुद्धा मोजून ठेवीत असे. आईचे औषध सुटायला काही आठवडे लागले. मुलीचे मोजणे सुटायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

आमच्या समुपदेशिका मुलांना तीन गोष्टी त्यांच्या भाषेत सांगतात. आईला एक आजार झाला आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. आणि तो बरा करण्याची जबाबदारी तुझी नाही, मोठ्या माणसांची आहे. येथे उपस्थित असलेल्या आजी-आजोबांना, मामा-मावशींना माझी विनंती आहे की, हीच तीन वाक्ये घरीही बोलावीत. मुलांपुढे आईची निर्भर्त्सना करून आई सुधारत नाही. मूल मात्र दोघांपासून तुटते.

गर्भवती भगिनींविषयी एक सूचना डॉक्टरांच्या सांगण्यावरून करतो. अफूवर्गीय औषधाची सवय असलेल्या स्त्रीला दिवस राहिले की घरचे लोक सर्व काही एकदम बंद करायला लावतात. हेतू चांगला असला तरी हे हितकारक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा वेळी औषध एकाएकी तोडण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषधावर स्थिर ठेवणे इष्ट असते. जन्मानंतर बाळ थरथरते, कर्कश रडते, दूध नीट ओढत नाही, असे काही दिवस घडू शकते. त्यावर उपचार आहेत, आणि बाळाला आईजवळ ठेवणे हा त्या उपचाराचा मोठा भाग आहे. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनीही त्या परस्पर बंद करू नयेत. त्यामुळे झटके येऊ शकतात. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे आणाव्यात; मात्रा नेमकी कळते.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे जमाखर्चाकडे, येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. आईची खाट, तपासण्या, औषधे यांचा खर्च या निधीतून भागवता येतो. परंतु खाटेशेजारच्या पाळण्यातील मूल हे रुग्ण नसते. त्याला नोंदणी क्रमांक नसतो. त्याचे दूध, त्याचा मऊ भात, त्याला सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, आजीचे जेवण, भावंडांना रविवारी भेटीला आणण्याचे भाडे, हे खर्च कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. २०२३ च्या मार्च महिन्यात एस.टी.च्या प्रवासात महिलांना निम्मे तिकीट लागू झाले, तेव्हा भेटीला येणाऱ्या आज्यांची संख्या वाढल्याचे आमच्या समाजसेविकेने मला सांगितले. किती थोड्या पैशांवर एखाद्या आईचे थांबणे अवलंबून असते, हे त्यावरून कळावे.

या खर्चासाठी स्वतंत्र खाते ठेवण्यास विश्वस्त मंडळाने संमती दिली आहे. त्यातून स्त्री-कक्षालगतची खोली लहान मुलांसाठी सज्ज करावयाची आहे, दिवसपाळी व रात्रपाळीस एकेक मावशी नेमावयाची आहे, आणि ३ वर्षांवरील मुले नातेवाइकांकडे राहतील त्या काळातील त्यांचा शाळेचा व प्रवासाचा भार उचलावयाचा आहे. या खात्याचा हिशेब पुढील अहवालात वेगळ्या पानावर छापला जाईल. मुलांची नावे, छायाचित्रे मात्र छापली जाणार नाहीत. देणगीदारांनीही ती मागू नयेत. उपचाराची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे, आणि गावात परतणाऱ्या आईला त्याची गरज इतर कोणाहूनही अधिक असते.

देणगी मागताना एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. या कामात प्रत्येक रुपयामागे यश दाखवता येत नाही. व्यसन हा पुन्हा डोके वर काढणारा आजार आहे. मधुमेही रुग्णाने सणाला पुरणपोळी खाल्ली म्हणून आपण त्याचे नाव काढून टाकत नाही. मग पुन्हा गोळी घेतलेल्या आईला बुडीत खात्यात का टाकावे? मी सांगितलेल्या भगिनींचाही सात महिन्यांनी एकदा तोल गेला. एका लग्नघरी डोके दुखले, कोणीतरी गोळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून पट्टी आणली. पण पूर्वी जे कळायला फार काळ लागला, ते या वेळी दोन दिवसांत कळले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या धाकट्याला कडेवर घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना कोणी आणले नव्हते. मुलासह आपल्याला येथे जागा मिळते, याची त्यांना खात्री होती. ताळेबंदात ही खात्री कोणत्या बाजूला मांडावी, हे मला वाणिज्य महाविद्यालयात शिकवले गेले नाही. पण माझ्या मते ती या संस्थेची मत्ता आहे, आणि ती आपल्या देणग्यांतून उभी राहिली आहे.

शेवटी कुटुंबीयांसाठी एक-दोन व्यावहारिक गोष्टी. घरातील स्त्रीविषयी अशी शंका आली तर "आई असून असे कसे वागतेस" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ते तिने स्वतःला शंभर वेळा ऐकवलेले असते. त्याऐवजी, "तू उपचार घे, मुलांचे मी पाहतो," एवढे म्हणा आणि तो शब्द पाळा. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तेथे नाव न सांगताही सल्ला घेता येतो. आमच्या समाजसेवा विभागात यावयाचे असल्यास आधी एकट्याने या, मुलांची वये सांगा. पुढचे आपण मिळून ठरवू.

आमच्या परिचारिका, कक्षातील मावशी, समुपदेशिका आणि डॉक्टर हे काम गाजावाजा न करता करीत आहेत. त्यांच्या वतीने, या नव्या खात्याला आपला हातभार लागावा अशी नम्र विनंती करतो.